पंधराशे रुपये घराचे की दुकानाचे?

प्रश्न : आमचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. घराच्या पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान आहे. मालक दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहेत, आठ दिवस काम असतं, आठ दिवस नसतं. शेती नाही. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी नववीला आणि मुलगा सहावीला. दुकानाची विक्री रोजची दीड हजार धरा. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मग हजारालाही मारामार. लाडकी बहीणचे पंधराशे मला सुरुवातीपासून मिळतात आणि आले की मी ते मालात घालते. मालक म्हणाले होते की असं केलं तर दुकान वाढेल. पण दुकान आहे तेवढंच आहे, फळ्या तशाच अर्ध्या रिकाम्या. मग हे पैसे जातात कुठे? सासूबाई म्हणतात, पोरीच्या नावाने टाक. भाऊ म्हणतो, गटातून कर्ज उचल आणि फ्रीज घे, हप्ता पंधराशेतून जाईल.

दुसरं, वहीत ३८ हजारांची उधारी आहे. शेजारच्या वस्तीवरचा दुकानदार बायकांची एटीएम कार्डं स्वतःकडेच ठेवून घेतो आणि पैसे आले की उधारी कापून घेतो. त्याची वसुली चांगली आहे. मीही तसं करू का? आणि दुकानाची उलाढाल वर्षाला पाच लाखांवर जाते म्हणून माझं नाव कटेल असं एकजण सांगत होता, ते खरं आहे का?

— एक दुकानदार भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी मिटवते, म्हणजे रात्री झोप लागेल. लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा आहे ती कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची, विक्रीची नाही. साखरेचं पोतं विकलं की त्याचे सगळे पैसे तुमचे होत नाहीत, त्यातले बहुतेक ठोक व्यापाऱ्याचे असतात. शिवाय पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा. ट्रॅक्टर सोडून दुसरं कुठलंही चारचाकी वाहन घरातल्या कुणाच्या नावावर असलं की नाव कटतं. उद्या मालकांनी स्वतःची जुनी पिकअप घ्यायची ठरवली, तर हे पंधराशे जाणार हे धरूनच हिशोब मांडा. घेऊ नका असं मी म्हणत नाही. वर्षाला अठरा हजार सोडून गाडी परवडते का, एवढंच बघा.

आता पैसे कुठे गेले. ते तुम्ही खाल्लेत, आणि त्यात गैर काही नाही.

कागद घ्या. दीड हजार रोज म्हणजे महिन्याला ४५ हजारांची विक्री. त्यात राहतं किती? साखरेत किलोमागे दोन रुपये सुटले तरी नशीब, तेलात त्याहून थोडे बरे. बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या, खोबरेल, पोरांच्या कुरकुऱ्यांत जरा सुटतात. सगळं मिळून शेकडा आठ ते दहा. म्हणजे चार हजारांच्या आसपास. त्यातून लाइटबिल, माल आणायचं भाडं, उंदरांनी फोडलेल्या पिशव्या, तारीख उलटलेले पुडे वजा केले की तीन-सव्वातीन हजार हातात.

आता घरात किती माल जातो ते लिहा. पाच माणसांना महिन्याला चार किलो तेल, पाच किलो साखर, अर्धा किलो चहापूड, डाळी, साबण, निरमा, शाळेतून आल्यावर मुलगा बरणीत हात घालतो तो खाऊ. दोन हजारांच्या घरात जातं. हे तुमच्या वहीत कुठेच नसेल, कारण आपल्याच दुकानातली साखर डब्यात ओतताना कुणी लिहून ठेवत नाही. वर मुलीची वही-पेनं, सासूबाईंच्या गोळ्या, कुणाच्या लग्नाचा आहेर, हे सगळं गल्ल्यातून. मालकांना काम नसलेल्या आठवड्यात त्यांचं पेट्रोलही गल्ल्यातूनच.

म्हणजे दुकान मिळवतं तीन-सव्वातीन हजार आणि घर त्यातून चार-साडेचार हजार ओढतं. तो खड्डा तुमचे पंधराशे भरत होते. फळ्या वाढल्या नाहीत हे खरं, पण हे पैसे नसते तर त्या आज साफ मोकळ्या असत्या. पंधराशे रुपये नफ्यात मिळवायला तुम्हाला १६-१७ हजारांचा माल विकावा लागतो, म्हणजे दहा-अकरा दिवस काउंटरमागे बसावं लागतं. लहान दुकानाला या पैशाचा खरा उपयोग इथे आहे. शहरातली माणसं 'पंधराशेने काय होतंय' असं म्हणतात, तेव्हा त्यांनी गावातल्या दुकानाचा नफा किती असतो हे पाहिलेलं नसतं.

मग करायचं काय? पैसे उलट्या बाजूने घाला. आज तुम्ही लाडकी बहीणचा हप्ता मालात घालता आणि घर गल्ल्यातून चालवता. त्याऐवजी हप्ता घराला द्या आणि गल्ल्याला हात लावू नका. ऐकायला सारखंच वाटतं, पण वागणुकीत मोठा फरक पडतो, कारण गल्ल्यातून किती गेलं हे कुणालाच कळत नाही आणि पंधराशे संपले की लगेच कळतं.

यासाठी उधारीच्या वहीत एक पान स्वतःच्या घराच्या नावाने उघडा. वर लिहा 'घर'. साखर आत नेली की तारीख, वजन, रुपये. मुलाने बिस्किटाचा पुडा उचलला की पाच रुपये. सासूबाईंना सांगा की हे पान त्यांच्यावर नजर ठेवायला नाही, नाहीतर आजच्याआज भांडण लागेल. भाव खरेदीचा लावा, विक्रीचा नको. स्वतःच्या घराकडून नफा कशाला घ्यायचा? हप्ता जमा झाला की इतर गिऱ्हाइकांसारखं हे खातं चुकतं करा आणि ते पैसे गल्ल्यात टाका. दोन हजारांचं खातं झालं असेल आणि पंधराशेच असतील, तर वरचे पाचशे मालकांच्या पगारातून यायला हवेत. दुकान घराला किती पोसतं हे त्यांनाही त्या पानावर पहिल्यांदाच दिसेल.

चार-सहा महिने हे जमलं तर गल्ल्यात थोडी रोकड राहायला लागेल. ती कशाला वापरायची? नव्या मालाला नाही, तर आहे तोच माल रोखीने घ्यायला. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या एवढ्या दुकानाला ठोक व्यापारी तेलाचे डबे आणि साखर पंधरा दिवसांच्या उधारीवरच देत असणार. रोखीचा भाव विचारून बघा. डब्यामागे ३० रुपये आणि पोत्यामागे २५ रुपये कमी झाले, आणि महिन्याला सहा डबे, दोन पोती लागत असली, तर २३० रुपये तिथेच वाचले. तीन-सव्वातीन हजार मिळवणाऱ्या दुकानाला २३० काही थोडे नाहीत. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याची उधारी अंगावर असते तो व्यापारी न खपणारा मालही गळ्यात मारतो. 'ही नवीन साबणाची पेटी पण न्या, पैसे सावकाश द्या.' ती पेटी मग वर्षभर वरच्या फळीवर पडून राहते. रोख देणारं गिऱ्हाईक दुकान बदलू शकतं, हे त्याला ठाऊक असतं.

तुमच्या गावाचं वर्ष इतर गावांसारखं सरळ चालत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडली की लोक दसरा-दिवाळीला उधारी मिटवतात, आणि नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोयत्यावरची सगळी माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात. त्या बायकांचे पंधराशे त्यांच्या खात्यात येतातच, पण खर्च होतात तिकडच्या दुकानांत. तेव्हा या महिन्यांत मोठी पोती भरू नका. मागे गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांना श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे मिळतात. तेच तुमचं हिवाळ्यातलं गिऱ्हाईक. त्यांना पाव किलो साखर, दहा रुपयांची चहापूड, लहान पुडीतलं तेल लागतं. मोठ्या पाकिटापेक्षा यात किलोमागे जास्त सुटतं, हे तुम्ही मला शिकवाल.

फ्रीजचं भावाला नाही म्हणून सांगा. त्याचा सल्ला वाईट नाही, पण हप्त्याला हप्ता जोडतोय तो चुकतोय. गटाच्या किंवा कंपनीच्या कर्जाची तारीख ठरलेली असते. सरकारी पैशाला तशी तारीख नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले दोन महिने एकदम ३००० आले, त्याच वर्षी निवडणुकीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आगाऊ आले, पुढे कधी दोन महिन्यांचे एकत्र तर कधी महिना उलटून गेल्यावर. जो पैसा कधी येणार हे तुमच्या हातात नाही, त्याच्या जिवावर ठरलेल्या तारखेची देणी करू नयेत. योजना पुढे कशी राहील, कुणाची नावं राहतील, हेही सरकारच्या हातात. त्यातून फ्रीजला लाइटबिल वेगळं येणार, आणि वीज गेली की दूध नासणार.

तरी फ्रीज हवाच असेल तर भिशी लावा. गावातल्या ओळखीच्या दहा-बारा बायका, महिन्याला पाचशे, आणि आपला नंबर फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला मागून घ्या. तेव्हा ऊन चढायला लागतं आणि थोड्याच दिवसांत तोडणीवाले परत येतात. तालुक्याला जुना फ्रीज मिळतो. पाचशे रुपये गल्ल्यात शिल्लक राहायला लागल्यावरच भिशीत बसायचं, त्याआधी नाही. पतसंस्थेचा रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारावर येत असेल तर त्याच्याकडे रोज वीस रुपये टाकूनही हेच साधतं, फक्त पतसंस्था कशी आहे याची आधी चौकशी करा.

सासूबाईंचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं, ती वेळ गेली. पण पोस्टात आवर्ती ठेवीचं खातं महिन्याला शंभर रुपयांपासून उघडतं, पाच वर्षांचं. तीनशेचं उघडा. मुलगी वीस वर्षांची होईल तेव्हा ते पैसे हातात येतील. लग्नाला की शिकायला, ते तेव्हा तिला विचारा. आणि जाता जाता, सासूबाईंचं वय पासष्टच्या पुढे असेल तर त्यांच्या श्रावणबाळच्या अर्जाची तहसीलमध्ये चौकशी केलीत का? उत्पन्नाची अट कडक आहे, वर्षाला २१ हजारांची, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

राहिली उधारी. कार्डं ठेवून घेऊ नका. शेजारचा करतो म्हणून तर मुळीच नको. कार्ड आणि पिन दुसऱ्याला देणं बँकेच्या नियमात बसत नाही हा एक भाग झाला. पण समजा एखादीच्या खात्यात शंभर रुपये कमी निघाले. बँकेने कापले, नवऱ्याने काढले, काहीही झालं असो, गावात नाव तुमचं होईल. कार्ड ज्याच्या हातात, चोर तोच.

माझं नोकरीचं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. निराधारचे पैसे न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या नेहमी म्हणायच्या, 'बाई, पाचशेची नोट नको, शंभराच्या द्या.' मला वाटायचं, सुटे मिळत नसतील म्हणून. एकीने खरं सांगितलं. पाचशेची नोट दुकानदारापुढे धरली की तो ती पेटीत टाकतो, म्हणतो मागची बाकी जमा केली, आणि वरचे परत देत नाही. शंभराच्या नोटा असल्या की एकच पुढे करता येते, बाकीच्या कमरेला. गिऱ्हाईक तुमच्यापासून नोटा लपवायला लागलं की त्याची उधारी कधी फिटत नाही.

म्हणून प्रत्येकीचं पान मधोमध विभागा. मागची बाकी वर गोठवून ठेवा, तिच्यात नवी भर नाही. नवीन सामान रोखीने, किंवा फार तर दोनशेपर्यंत उधार. हप्ता आला की मागच्या बाकीतले शंभर-दोनशे मागा, सगळे नको. जिच्याकडे तीनशे बाकी आहेत ती तुमच्या दुकानात येते. जिच्याकडे तीन हजार बाकी आहेत आणि तुम्ही सगळे एकदम मागता, ती पाणी आणायला जातानासुद्धा वाट बदलते, आणि तिचे रोखीचे पंधराशे शेजारच्या वस्तीवर खर्च होतात. ३८ हजारांपैकी आठ-दहा हजार बहुधा येणारच नाहीत. कुणाचे ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यामागे लागून बाकीचं गिऱ्हाईक घालवू नका.

आणि एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते. नवऱ्याने नेलेल्या तंबाखू-बिडीची बाकी बायकोच्या पानावर लिहू नका. त्याचं पान वेगळं ठेवा आणि त्याच्याकडेच मागा. तो देणार नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग देऊच नका ना त्याला उधार.

प्रश्न : तुम्ही या सदरात सतत अशा योजनांची तळी उचलता. माझी पाच एकर बागायत आहे. बायकांना घरबसल्या पैसे मिळायला लागल्यापासून भांगलणीला माणूस मिळत नाही. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो आणि बाजारात पैसा आला की भावही वाढतात. तुमच्या दुकानदारांचा फायदा होत असेल, पण तो आमच्या करातून होतो, त्याचं काय?

— एक शेतकरी, जि. सांगली

उत्तर : कराचं म्हणणं रास्त आहे. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारनेच सांगितलं होतं. एवढा पैसा रस्ते, पाणी, शाळा सोडून इथे घालावा का, यावर भांडा. त्या भांडणात मी कदाचित तुमच्या बाजूला असेन. पण आळस आणि भाववाढ हे दोन आरोप असे आहेत की ते तपासून पाहता येतात, आणि लोकांनी तपासले आहेत.

मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत २०११-१२ मध्ये 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने दरमहा पैसे दिले. मोठ्याला आधी २०० आणि मग ३०० रुपये, लहान मुलाला त्याच्या निम्मे. लोक घरी बसले नाहीत. उलट काम वाढलं, फक्त त्याचा प्रकार बदलला. दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणारी माणसं आपल्या तुकड्यात, आपल्या शेळ्यांमागे, आपल्या शिलाई मशीनवर जास्त वेळ द्यायला लागली. तुमच्या शिवारात काय घडतंय याचं उत्तर बहुधा इथे आहे. ती बाई आळशी झालेली नाही. तिला तुमच्याकडची हजेरी परवडेनाशी झाली आहे, आणि आता नाही म्हणायची थोडी ताकद आली आहे. हजेरी पन्नासने वाढवून बघा. वाढवणं परवडत नाही, शेतीमालाला भाव नाही, हे मान्य. पण ती तक्रार भावाबद्दलची आहे, तिच्या पंधराशेबद्दलची नव्हे.

भाववाढीचं सांगायचं तर केनियात, सियाया नावाच्या जिल्ह्यात, ६५३ गावांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काही गावांतल्या १० हजारांहून जास्त गरीब कुटुंबांना 'गिव्ह डायरेक्टली' या संस्थेने मोबाइलवरून प्रत्येकी सुमारे १००० डॉलर दिले. त्या भागाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. संशोधकांनी बाजार मोजले. भाव वाढले ते सरासरी एक टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवहारात अडीच डॉलरच्या आसपास भर पडली, कारण ज्यांना पैसे मिळाले त्यांनी ते शेजारच्या दुकानात, गिरणीत, सुताराकडे खर्च केले. पैसे न मिळालेल्या घरांचाही त्यात फायदा झाला.

भाव का वाढले नाहीत, हे गावात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. गिरणीवाला दुपारभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. दुकानदारीण काउंटरमागे बसून तांदूळ निवडत असते. चार गिऱ्हाइकं जास्त आली तर त्यांना नवीन गिरणी घ्यावी लागत नाही, रिकामा वेळ भरून निघतो. बागायतीच्या हंगामात मजूर मात्र असे रिकामे नसतात, म्हणून तुम्हाला चटका बसतो. दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात खऱ्या असू शकतात.

केनियातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात पैसे देण्याचे वेगवेगळे प्रकार करून पाहिले. काहींना दोन वर्षं महिन्याला थोडे थोडे दिले, काहींना तेवढीच रक्कम एकरकमी दिली, काहींना बारा वर्षं महिन्याला देण्याची हमी दिली. छोटे धंदे उभे राहिले ते एकरकमीवाल्यांचे आणि बारा वर्षांच्या हमीवाल्यांचे. दोन वर्षांच्या हप्त्यांनी धंद्याला तेवढी उभारी आली नाही. आणि लांब हमी असलेल्या बऱ्याच जणांनी काय केलं? आपापसात भिशी लावली आणि महिन्याच्या थोड्या पैशाची एक मोठी रक्कम करून घेतली. बीडच्या ताईंना मी हप्त्यावर कर्ज नको, भिशी चालेल असं सांगितलं ते मनाने नाही.

आपल्या योजनेची खरी खोट मला इथे दिसते. पैसे थोडे आहेत याची तेवढी नाही. ते कधी येतील, किती वर्षं येतील, पुढच्या निवडणुकीनंतर राहतील का, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्याची हमी नाही त्या पैशावर माणूस धंदा उभारत नाही, तो पैसा तेल-मीठात जातो. तेल-मीठही लागतंच, पण तुम्हाला मजुरी सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बायका हव्या असतील तर आधी तारीख पक्की करून मागा. ही मागणी करायला तुम्ही आणि त्या बायका एकत्र येऊ शकता, अर्थात भांगलणीचं भांडण मिटल्यावर.

प्रश्न : माझं नाव लाडकी बहीणच्या मंजूर यादीत आहे. अर्जात जिल्हा बँकेचं खातं दिलं होतं. मैत्रिणींचे पैसे आले, माझ्या पासबुकात एकही नोंद नाही. बँकेतले म्हणतात सरकारकडे विचारा, सेतूवाला म्हणतो बँकेत विचारा.

— एक वाचक, जि. नांदेड

उत्तर : तुमचे पैसे बहुधा आलेले आहेत, फक्त दुसरीकडे. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ते आधारवरून पाठवले जातात, आणि तुमचं आधार शेवटचं ज्या बँकेच्या खात्याशी जोडलं गेलं तिथे जाऊन पडतात. एका वेळी एकच खातं असं जोडलेलं असतं. आठवून बघा, मधल्या काळात कुणी गावात येऊन अंगठा घेऊन खातं उघडून दिलं होतं का? पोस्टाच्या बँकेचं, एखाद्या खासगी बँकेचं, मोबाइलच्या दुकानात उघडलेलं? बहुतेक वेळा पैसे तिथेच सापडतात.

शोधायचं कसं: आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते, त्यात बँकेचं नाव दिसतं. ओटीपी येतो म्हणून आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. मुलगी किंवा भाचा असेल तर त्याच्याकडून करून घ्या, सेतूवाल्याला त्याचे पन्नास रुपये देऊ नका. बँक कळली की तिथे आधारकार्ड घेऊन जा आणि शिल्लक विचारा. पुढचे पैसे जिल्हा बँकेतच हवे असतील तर तिथे आधार जोडणीचा फॉर्म लेखी भरून द्या आणि पोच घ्या. 'थेट लाभासाठी जोडा' असं स्पष्ट सांगा, कारण नुसतं केवायसीला आधार देणं आणि लाभासाठी जोडणं ही बँकेत दोन वेगळी कामं आहेत. काउंटरवरच्या नव्या पोराला ते ठाऊक नसेल तर शाखाधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जा.

खातं बरोबर निघालं आणि तरीही पैसे नसतील तर योजनेचं ई-केवायसी राहिलंय का ते बघा. सप्टेंबर २०२५ पासून ते सक्तीचं केलं आहे आणि त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागतं. ई-केवायसी फक्त योजनेच्या सरकारी संकेतस्थळावरच करा. फोनवर आलेल्या लिंकवर आधार नंबर टाकू नका, ओटीपी तर कुणालाच सांगू नका, मग समोरचा स्वतःला मंत्रालयातला म्हणवत असला तरी.